पानिपताहून परत

कबुतरं पाळायचा विचार असेल तर आधी नवऱ्याचे गुडघे तपासून घ्या, असं मी विचारायला येणाऱ्यांना सांगते. लोक हसतात. मी गंमत करत नसते.

आमच्याकडे कबुतरं आली ती ह्यांच्या हौसेनं. हे म्हणजे श्यामकांत, त्या वेळी मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर. ह्यांच्या ऑफिसातले वेंकटरामन शर्यतीची कबुतरं पाळायचे. शर्यतीचं कबूतर म्हणजे कितीही लांब नेऊन सोडलं तरी नेमकं आपल्या घरी परत येणारं. वेंकटरामन बदली होऊन मद्रासला निघाले, तेव्हा मोठी कबुतरं त्यांनी बरोबर नेली. ती दुसऱ्याला देऊन उपयोग नसतो. दार उघडलं की ती जुन्या गच्चीवर हजर. द्यायची तर पिल्लं द्यायची, ज्यांनी अजून बाहेरचं आभाळ पाहिलेलं नाही अशी. तशी सहा पिल्लं हे वेताच्या टोपलीत घालून आमच्या पटपडगंजच्या फ्लॅटवर घेऊन आले आणि म्हणाले, "हेमा, आता बघच."

मी बघत होते. महिनाभर हे रोज गच्चीवर गेले. ऑफिसातून आलेल्या खोक्यांच्या फळ्या ठोकून ढाबळ उभी केली. (आमच्या अलकाचा जन्म दिल्लीचा. ढाबळ हा शब्द तिला ढाब्याचा चुलत भाऊ वाटतो.) मग गुडघ्यांनी संप पुकारला. आमचं घर पहिल्या मजल्यावर, गच्ची चौथ्याच्या वर, आणि लिफ्ट फक्त नकाशात. पिल्लांना दाणे कोण घालणार, तर जी घरात सगळ्यांना घालते ती.

शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून मी कबुतरांकडूनच शिकले. पहिली गोष्ट, लाड करायचे नाहीत. भरल्या पोटाचं कबूतर सुट्टीच्या दिवशीच्या सरकारी नोकरासारखं असतं, हाक मारली तरी वळून बघत नाही. बाहेर सोडायचं ते उपाशी, आणि दाणे परत आत आल्यावर. डालड्याच्या डब्यात मका घालून खुळखुळवायचा, "ये ये ये" म्हणायचं, आणि तो आवाज त्या एकाच वेळी करायचा. उगाच वाजवलात तर डब्याची किंमत जाते. मका, बाजरी आणि थोडी मसूर. विटेचा चुरा, अंड्याची टरफलं आणि मीठ वेगळ्या वाटीत. आठवड्यातून एकदा परातीत आंघोळीला पाणी, आणि त्या दिवशी गच्चीवर कुणीही पापड वाळत घालू नयेत.

ढाबळीच्या दाराला वरून लोंबत्या तारा असतात. बाहेरून छातीनं ढकललं की कबूतर आत जातं, आतून बाहेर मात्र येता येत नाही. पाखरांना त्या तारांची भीती वाटते. एकेकाला हातात धरून त्यातून अलगद ढकलावं लागतं, दहा वेळा, वीस वेळा, जोवर त्याला ती स्वतःचीच कल्पना वाटू लागत नाही. हे तंत्र मी आधी ह्यांच्यावर वापरलेलं असल्यामुळे मला जड गेलं नाही.

मग बाहेर न्यायचं. आधी यमुनेच्या बांधापर्यंत, मग कश्मीरी गेट, मग नरेला, सोनीपत. एकाच दिशेनं वाढवत न्यायचं आणि सकाळी लवकर सोडायचं. आंधीचे दिवस टाळायचे. सहातला एक निळसर, रुंद छातीचा नर नेहमी पुढे असायचा. त्याला मी सुभेदार म्हणायची. तो आला की मागून पाची यायची आणि रांगेनं तारांतून आत जायची. हे सगळं मी ज्या अवतारात करायची तो अवतार म्हणजे एक गाऊन. मूळचा केशरी, धुऊन धुऊन मसुरीच्या डाळीच्या रंगाचा झालेला, कोपराशी फाटका, खिशात मका.

वर्ष उत्तम गेलं. मग उन्हाळ्यात सोसायटीच्या मीटिंगला सेक्रेटरी कर्णिक उठून उभे राहिले.

आमची सोसायटी केंद्र सरकारातल्या मराठी नोकरदारांची. त्यामुळे मीटिंग घरगुती असते आणि भाषा फायलीतली. कर्णिक समोरच्या ए ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. म्हणाले, "माझ्या कूलरवर रोज कबुतरं बसतात. वाळ्याचे पॅड खराब झाले. सुहासिनी रोज धुते. वहिनी, प्रिन्सिपली माझी हरकत नाही, पण गच्ची कॉमन आहे. आज कबुतरं, कल को कुणी बकरी बांधेल. हीच केस प्रिसिडंट होईल."

"ती आमची नव्हेत," मी म्हणाले. "ती रस्त्यावरची. आमची कबुतरं आभाळातून येतात ती थेट ढाबळीत. मध्ये कुठेही बसत नाहीत."

"कुठेही?"

"बिल्कुल नाही."

"मग कुणाला तरी देऊन का टाकत नाही? प्रश्नच मिटेल."

आता हे कर्णिकांना कसं सांगावं. ह्या सहांनी एकदा इथलं आभाळ पाहिलं होतं. आता ती कुठेही दिली तरी घेणाऱ्याला त्यांना जन्मभर कोंडूनच ठेवावं लागलं असतं, कारण सोडलं की ती इकडेच येणार. सुभेदार पिंजऱ्यात बसून कुणाच्या तरी जिन्याकडे बघतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी एरवी बोलले नसते ते बोलून गेले.

"तुम्ही स्वतः येऊन बघा. कूलरवर बसली तर मी ढाबळ मोडते."

ह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. उशीर झाला होता. कर्णिक म्हणाले, "ठीक आहे. पण यमुनेच्या बांधावरून वगैरे नको. जरा लांबून सोडा. पानिपतहून सोडा."

मागून कुणीतरी म्हणालं, "पानिपताहून आपली माणसं फारशी परत आली नाहीत म्हणतात." सगळी मीटिंग हसली. मीसुद्धा हसले, पण पोटातून नव्हे.

ठरल्या रविवारी हे पहाटेच टोपली घेऊन बसनं पानिपतला निघाले. गुडघ्याला पट्टा, खांद्याला पाण्याची बाटली. दारातून दोनदा परत आले. एकदा चष्म्यासाठी आणि एकदा हे सांगायला, "अगं, कर्णिक जोडीनं येणार आहेत. तेवढा तो गाऊन नको आज. चारचौघांत बरं दिसत नाही."

"मला काय कळत नाही का," मी म्हणाले. मलाही त्या गाऊनवर पाहुण्यांसमोर जायचं नव्हतंच. मी माझी जांभळी इरकल नेसले. हिरव्या बांगड्या घातल्या. सुरळीच्या वड्या केल्या. अलका म्हणाली, "आई, कबुतरांचं लग्न आहे का?"

पानिपतच्या बसस्टँडवरून ह्यांचा फोन आला. "सोडली. एक चक्कर मारली आणि सरळ निघाली. सुभेदार पुढे होता." मग आवाज खाली आणून, "गाऊन नाही ना?"

"नाही हो."

थोड्या वेळानं कर्णिक आणि सुहासिनीवहिनी आले. गच्चीवर खुर्च्या टाकल्या होत्या. कर्णिक आपल्या गॅलरीकडे तोंड करून बसले, म्हणजे कूलर समोर राहील. सुहासिनीवहिनी मात्र ढाबळीत डोकावल्या, तारा बोटानं हलवून बघितल्या आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहे हो. आमच्या किचनपेक्षा."

"ते इथे मांडू नकोस," कर्णिक म्हणाले आणि वडी उचलली.

तासाभरानं शाहदऱ्याच्या बाजूला ठिपके दिसले. अलकानं आधी बघितले. सहाही. एका रेषेत, खाली, घाईत, जणू ऑफिसला उशीर झालाय. मला त्या क्षणी कर्णिकांना मिठी मारावीशी वाटली, इतका मला सुभेदाराचा अभिमान वाटला. पानिपताहून सगळी परत. मी डबा उचलला, खुळखुळवला. "ये ये ये."

सुभेदार पंख आवळून खाली आला. कठड्याच्या उंचीपर्यंत आला आणि कुणीतरी दारातच लाथ मारावी तसा उलटा उसळून वर गेला. मागून पाची उसळली.

"हे असंच असतं का?" कर्णिकांनी विचारलं.

"एक चक्कर मारतात," मी म्हणाले. खोटं होतं ते.

दुसरी चक्कर झाली, तिसरी झाली. प्रत्येक वेळी खाली यायची आणि माझ्या डोक्यावरून फिरून जायची. मी डबा जोरात वाजवला. बांगड्या त्याच्याहून जोरात वाजल्या. शेवटी सहाही दमून समोर गेली आणि ओळीनं कर्णिकांच्या कूलरवर बसली. एकानं लगेच तिथे व्हायचं ते केलंही.

कर्णिकांनी नुसती बशी खाली ठेवली.

"शायद थकली असतील," अलका म्हणाली.

मी सुभेदाराकडे बघत होते. मधला रस्ता काही फार रुंद नाही. तो मान वाकडी करून एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होता. ती नजर मला ओळखीची होती. टाकी साफ करणारा माणूस गच्चीवर आला की सुभेदार अस्संच बघायचा, तो खाली जाईपर्यंत. कोण हा, आणि आमच्या दारात काय करतोय.

वाऱ्यानं माझा पदर उडाला. सहाही माना एकदम दचकल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"कर्णिक साहेब, पाच मिनिटं थांबा," मी म्हणाले. "मी कपडे बदलून येते."

"आत्ता?" कर्णिक म्हणाले.

मी जिना उतरले. खुंटीवर गाऊन नव्हता. खात्री म्हणून ह्यांनी जाताना तो लपवला होता. पण बावीस वर्षांच्या संसारात मला ह्यांच्या लपवायच्या जागा पाठ आहेत. गादीखालून काढला. साडी सोडायला वेळ नव्हता, म्हणून इरकलीवरूनच चढवला, पदर आत कोंबला, बांगड्या वर सरकवून बाह्यांत दडपल्या आणि फुगलेल्या अवतारात चार मजले चढले. आरशात बघितलं नाही. काही गोष्टी न बघितलेल्या बऱ्या.

गच्चीवर आले तेव्हा कर्णिकांनी सभ्यपणे दुसरीकडे मान फिरवली. मी डबा एकदाच वाजवला. "ये ये ये."

सुभेदार कूलरवरून उठला. ह्या वेळी चक्कर नाही, विचार नाही. रस्ता ओलांडला, फळीवर उतरला, छातीनं तारा ढकलल्या आणि आत. मागून एक, दोन, तीन, चार, पाच. आतून मक्यावर चोची आपटल्याचा आवाज यायला लागला.

"पण वहिनी," कर्णिक म्हणाले, "बसली तर होती. कूलरवर. शब्द तुमचा होता."

"होता," मी म्हणाले. बसली होतीच.

तेव्हा सुहासिनीवहिनी बोलल्या. त्या तोवर वड्यांचं ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "अहो, तुम्ही गुवाहाटीच्या टूरवरून मिशी काढून आला होतात, आठवतं? आपल्या छोट्या उल्कानं दार उघडलं नव्हतं. आत पळाली आणि म्हणाली, कोई अंकल आए हैं. तुम्ही अर्धा तास जिन्यात बसला होतात."

"त्याचा इथे काय संबंध?"

"जिन्यातच बसलात ना? कुणी तुम्हाला सोसायटीतून काढा म्हणालं नाही."

कर्णिकांनी मिशीवरून हात फिरवला. ती तेव्हापासून पुन्हा कधी काढलेली नाही. मग उठून ढाबळीजवळ गेले आणि तारांतून आत वाकून म्हणाले, "ह्यातला पुढचा कोण?"

"तो निळा. सुभेदार."

"पानिपतहून पहिला आला म्हणायचा." मग फायलीतल्या आवाजात म्हणाले, "सध्या चालू ठेवा. एक साल के लिए. अट एवढीच, कबुतरं सोडायची असतील तेव्हा ह्या... ह्या ड्रेसमध्येच सोडायची."

ढाबळ राहिली. हे संध्याकाळी पानिपतहून आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे कर्णिकांनी तुला गाऊनमध्ये बघितलं." बाकीचं त्यांच्या कानात शिरायला दुसरा दिवस लागला.

तेव्हा सांगायची गोष्ट अशी की कबुतराला दाणे घालताना रोज तेच कपडे घालावेत. आपल्याला वाटतं ती आपला चेहरा ओळखतात, माया ओळखतात. ओळखत असतीलही, पण बरीचशी माया गाऊनवर असते, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. आपलीही कुठे कुठे असतेच तशी.

त्या दिवाळीनंतर भाची कुमुदच्या लग्नाला मी आणि अलका पुण्याला गेलो. ह्यांना रजा नव्हती. दाणे-पाणी ह्यांच्यावर सोपवलं, प्रत्येक मजल्यावर बसायला एकेक स्टूल ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक कॉल. "हेमा, सोडली होती. आत येत नाहीत. टाकीवर बसलीत. मला बघतात आणि उडतात."

"गाऊन खुंटीवर आहे," मी म्हणाले.

मग हे म्हणाले, "दुसरा काही उपाय?"

"नाही."

फोन ठेवला. मांडवात हळदीची गडबड चालू होती, पण माझं लक्ष लागेना. तासाभरानं पुन्हा फोन वाजला. ह्या वेळी सुहासिनीवहिनी होत्या, दिल्लीहून, हसू दाबत.

"हेमाताई, श्यामकांतराव गच्चीवर आहेत. गाऊन त्यांना आखूड होतो."

"आणि कबुतरं?"

"ती केव्हाच गेली आत. आमचे हेच अजून गॅलरीत उभे राहून बघताहेत."