साध्या लाळेची नळी

ऐन प्रॅक्टिकलच्या दिवशी सिद्धाप्पाची जीभ सांगोल्याच्या माळासारखी कोरडी पडली.

प्रयोग तसा किरकोळ. स्टार्चच्या पाण्यात स्वतःची लाळ घालायची, वर आयोडीन टाकायचं. लाळेतल्या एन्झाइमनं स्टार्च पचवला तर निळा रंग येत नाही आणि पोरगा बी.एस्सी. होतो. नाही पचवला, तर वडिलांची मेंढरं होतीच. मागच्या वर्षी तो नापास झाला तेव्हापासून त्यातली काही त्याला ओळख द्यायला लागली होती.

या एन्झाइमला अंगाइतकं कोमट पाणी मानवतं. एप्रिलातल्या सोलापुरात नळालाच त्याहून गरम पाणी येत होतं, तरी रीत म्हणून स्टोव्ह पेटवलेला. सकाळपासून गालात जपलेली लाळ सिद्धाप्पानं नळीत सोडली, नळी पाण्यात ठेवली आणि तो परीक्षकांकडं बघत बसला. तेवढ्यात पाणी उकळलं. एन्झाइमची घडी विस्कटली, ते निकामी झालं. आयोडीन टाकलं, निळंशार!

"गार कर की मग," शेजारच्या टेबलावरून धुळाप्पा पुटपुटला.

"उकडलेलं अंडं गार केलं म्हणून पिल्लू निघतंय व्हय?"

धुळाप्पा स्वतःची लाळ द्यायला तयार होता, दोस्तीच तशी. पण त्याच्या गालात तंबाखू-चुना. शेवटी त्यानं टेबलाखालून चिंच सरकवली. "चोख. पाट वाहील."

पाट वाहिला. सिद्धाप्पानं हरखून दुसरी नळी भरली. आयोडीनचा थेंब सुटल्यावर त्याला आठवलं, की आंबटात हे एन्झाइम मान टाकतं. पुन्हा निळंशार.

परीक्षक समोर आले तसा पाट आटला. "ही नळी?"

"उष्णतेचा परिणाम, सर."

"आणि ही?"

"आम्लाचा, सर."

"छान! आकार बिघडला की काम बंद. आता साध्या लाळेची नळी दाखवा. तुलनेला तीच नसेल तर पास कसं करू?"

"साधी येत न्हाय, सर."

"प्रयत्न करा."

सर हात मागं बांधून उभे राहिले. सिद्धाप्पा नळी ओठांशी धरून उभा राहिला. एका थुंकीची इतक्या अदबीनं कुणी वाट पाहिली नसेल. घंटा झाली. सरांनी कोरडी नळी उजेडात धरून पाहिली आणि त्याच्या नंबरापुढं फुली मारली.

बाहेर लिंबाखाली वडील, बिरप्पा, भाकरीचं फडकं सोडून बसले होते. शेंगाच्या चटणीचा वास आला आणि सिद्धाप्पाच्या तोंडाला असं पाणी सुटलं, की सगळा वर्ग पास झाला असता. आता गिळण्याखेरीज इलाज नव्हता. तो चावत राहिला. चावता चावता भाकरी गोड लागायला लागली. स्टार्चची साखर होत होती, काम झकास चाललं होतं.

"भाकरी कडू हाय का रं?" बिरप्पानं विचारलं.

"न्हाय आबा. गोड हाय."

"मग रडतुस कशापायी?"

"चटणी लई तिखट हाय."