ओरडेल त्याचं राहील

"माझ्या स्क्रीनवरचं कॅलेंडर कुठं गेलं?" हिशेब विभागाचे साहेब दारातूनच ओरडले. "कुणाला विचारून काढलंत?"

"काढलं नाही, बंद केलंय," कात्री मान वर न करता म्हणाला. "ओरडलात, आता चालू करतो. झालं?"

"माणूस आहात की कोण हो?"

"दार ओढून घ्या जाताना."

साहेब पाय आपटत गेले. दार उघडंच राहिलं. इस्पितळात त्याला सगळे कात्रीच म्हणत आणि त्याला त्याचं वाईटही वाटत नसे. इस्पितळाचा कारभार ज्या युनिक्स सर्व्हरवर चाले, तो त्याच्या ताब्यात होता. आता त्यावर नवी सिस्टीम चढवायची होती आणि त्याआधी जुनी, उरलीसुरली पॅकेजं, म्हणजे एकेका कामाचे छोटे प्रोग्रॅम, साफ करायची होती. कधीकाळी कुणीतरी कशासाठी तरी टाकलेली. टाकणारा नोकरी सोडून गेला, बनवणारी कंपनी बुडाली, पण ही आपली ठाण मांडून बसलेली. ती तशीच राहिली तर अपग्रेड मध्येच अडकून सगळंच गळ्याशी यायचं. आणि एकदा नवी सिस्टीम बसली की काढलेलं जुनं परत टाकायची सोय नव्हती.

दुसरा कुणी असता तर विभागाविभागांत फोन करून विचारत बसला असता. कात्रीला असले लाड मंजूर नव्हते. तो पॅकेज नुसतं बंद करी आणि आठवडाभर वाट बघे. जो बोंब मारेल त्याचं तो नव्या सिस्टीमला चालेलसं करून ठेवी, बाकीच्यांचं साफ. "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते.

शेवटी राहिलेल्यांत एक पॅकेज तळमजल्यावरच्या लेबलं छापणाऱ्या प्रिंटरचं होतं. सिस्टीमच्या मते ते कुणालाच नको होतं. कात्रीला मात्र ते कुणाचं आहे हे पक्कं ठाऊक होतं. तपासणीला आलेल्या नमुन्यांच्या बाटल्यांवर लेबलं लावायचं काम ताईकडे होतं, आणि ताई म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण. आई गेल्यापासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. नोकरी एकाच इस्पितळात, पण तो जिन्यात समोर आला की ती भिंतीवरच्या सूचना वाचत उभी राही.

एक फोन केला असता तर भागलं असतं. त्याने केला नाही. पॅकेज बंद केलं आणि तो दाराकडे बघत बसला. न येऊन जाते कुठे? झक मारत वर येईल, चार शिव्या घालील. घालू दे. शिव्या म्हणजे बोलणंच की.

ती आली नाही. जिन्यात पावलं वाजली की तो सावरून बसे, आणि दुसरंच कुणीतरी येऊन भांडून जाई. असा आठवडा गेला. "सुंभ जळेल, पण हिचा पीळ नाही जायचा," तो पुटपुटला, आणि रागाच्या भरात त्याने ते पॅकेज मुळासकट काढून टाकलं. अपग्रेड बिनबोभाट पार पडलं. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच शाबासकी दिली, ती त्याला गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणी विभागाच्या डॉक्टरीणबाई रजेवरून परतल्या, तडक त्याच्याकडे आल्या आणि त्यांनी टेबलावर एक रिकामी बाटली आपटली. बाटलीवर हाताने लिहिलेलं लेबल होतं.

"प्रिंटर बंद पडलाय आणि तुम्हाला पत्ता नाही?"

"कुणी तक्रार केली नाही."

"ती बाई मनगटाला फडकं बांधून दिवसभर लिहितेय! तक्रार कसली मागता?"

अक्षर त्याने बघताक्षणी ओळखलं. शाळेतल्या त्याच्या प्रत्येक वहीवर त्याचं नाव याच अक्षरात असे. तो उठला आणि जिना उतरून खाली गेला.

ताई खाली मान घालून लिहीत होती. शेजारी प्रिंटर पुसून, त्यावर धुतलेलं कापड घालून ठेवला होता.

"ताई, एक फोन करायचास. लगेच चालू केला असता."

ती लिहीत राहिली.

"वाट बघत होतो मी. अगं, नुसती ओरडली असतीस तरी..."

"आईच्या वेळेलाही वाटच बघत होतास." इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकून तो दचकला. "कुणी बोलावलं असतं तर आलो असतो म्हणालास, सगळ्यांसमोर. मी तुला फोन लावायला घेतला की ती हात धरायची. म्हणायची, त्याला कामं असतात, त्रास नको देऊस. शेवटपर्यंत कण्हली नाही रे ती."

"मग मला कसं कळणार?"

"विचारायचं असतं." तिने मनगट चोळलं. "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणे. इस्पितळभर सांगत फिरतोस. आपली आई पाजायची."

त्याने टेबलावरचं पेन उचललं आणि एक लेबल लिहिलं. तिने ते पाहिलं, चुरगळून टोपलीत टाकलं.

"वाचता येत नाही. माणसांचे रिपोर्ट आहेत हे."

"हा आता चालायचा नाही. नवा प्रिंटर मागवतो."

"मागव. आता वर जा. कुणीतरी ओरडत असेल."

खरंच त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्याने तो वाजू दिला. वाजून वाजून फोन थांबला, तरी तो तिथेच टेबलाला टेकून उभा होता. ताईने पुढचं लेबल लिहायला घेतलं, आणि शाई ओली होती म्हणून आधीची लेबलं त्याच्या बाहीपासून थोडी लांब सरकवली.