टिचबटणं

मास्तरांच्या दुकानातली काजं-बटणं गेली तीस वर्षं त्यांच्या बायकोच्या हातची होती. म्हणून हेही काम त्यांनी तिच्याकडेच दिलं : स्वतःच्या पांढऱ्या शर्टाची काजं शिवून बंद करायची, वर बटणं नुसती शोभेला लावायची आणि पट्टीच्या आत टिचबटणं बसवायची.

मास्तरांच्या मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरला होता. केमोच्या सात फेऱ्यांनी गाठी आकसल्या होत्या. पण त्याच औषधानं बोटं बधिर होत चालली होती. "बटणं लावता येतात का?" डॉक्टर दर खेपेला विचारत. शेजारच्या खाटेवरचा रंगारी "नाही" म्हणून बसला आणि त्याचं ते औषध बंद झालं.

"मेलेल्या शिंप्याला बोटं घेऊन काय करायचंय?" मास्तर म्हणाले.

"जिभेला काही हाड?" असं करवादून तिनं सुई ओवली होती.

आज पोट तपासून झाल्यावर तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हं काका, लावा बटणं."

टच, टच, टच. क्षणात शर्ट बंद.

"वा! माझ्यापेक्षा जलद."

"शिंप्याची बोटं आहेत, बाई. तुमच्या कोटाचा खिसा उसवलाय, तो द्या पाठवून."

बाई हसून कॉम्प्युटरकडे वळल्या. तेवढ्यात शेजारी बसलेल्या मास्तरांच्या बायकोला चौथ्या बटणाजवळ लाल ठिपका दिसला. पट्टीला टोचलेली टाचणी काढायची राहिली होती! तीस वर्षांत अशी चूक तिच्या हातून झाली नव्हती. टाचणी मास्तरांच्या अंगठ्यात रुतून बसली होती आणि तोच हात हलवत ते खिशाचं माप सांगत होते.

"काकू, घरी काही त्रास? हातातून वस्तू पडतात? नसेल तर पूर्ण डोस लिहिते."

मास्तर बोलायचे थांबले. त्यांची नजर तिच्यावर खिळली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं तिच्याकडे कधी काही असं मागितलं नव्हतं.

तिनं त्यांचा हात ओढून आपल्या मुठीत घेतला आणि हलकेच टाचणी उपसली. मग जखमेवरच नख रुतवून सगळ्या जोरानं दाबलं. एकदा तरी 'आई गं' म्हणा, म्हणजे मला खोटं बोलावं लागणार नाही.

मास्तर तिच्याकडे पाहून कृतज्ञपणे हसले.

"नाही," ती म्हणाली, "तसा काही त्रास नाही."