ऑक्टोपस जुन्या डिस्कवर राहिला

आमच्या घरात कोणी काहीही केलं की आधी त्याचं कौतुक होतं. बाबांनी ठोकलेल्या फळीवरून पेन्सिल आपोआप घरंगळत खाली येते, तरी आम्ही सगळे "काय झकास बसलीय!" म्हणून मोकळे होतो. मामाने स्वतःचे केस स्वतःच कापले तेव्हा आई म्हणाली, "अरे, किती तरुण दिसतोयस!" तरुण कसला, कुरतडलेला दिसत होता. पण मला ही आमची पद्धत फार आवडायची. मला हल्ली जो आत्मविश्वास आलाय तो काही आकाशातून पडलेला नाही, घरच्यांनी चमच्याचमच्याने भरवलाय.

तर, त्याच आत्मविश्वासाने मी आईचा कॉम्प्युटर उघडला.

आई मशीनवर भरतकाम करते. आधी कॉम्प्युटरवर नक्षी काढते, एकेक टाका ठरवते, मग मशीन खडखड करत ती नक्षी जॅकेटवर, टोपीवर, कुठेही उमटवतं. सगळा डोलारा त्या एका कॉम्प्युटरवर, आणि तो झालेला म्हातारा. बटण दाबायचं, झाडांना पाणी घालायचं, दोऱ्याची रिळं रंगांप्रमाणे लावायची, एखादा फोन उरकायचा, तेव्हा कुठे स्वारी जागी व्हायची. त्यात भर म्हणून आतल्या हार्ड डिस्कमधून कटकट आवाज यायला लागला.

"आई, ही डिस्क एक दिवस मान टाकणार," मी म्हणाले.

"टाकू दे की. दुसरी घेऊ."

"आणि तुझा प्रोग्रॅम?"

आईच्या हातातली कात्री थांबली. नक्षी काढायचा तिचा प्रोग्रॅम जुना आहे आणि तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडलीय. तो गेला तर परत आणायचा कुठून? "तो गेला तर मी त्या मशीनवर काय कपडे वाळत घालू?" असं तिचंच वाक्य आहे.

"म्हणूनच सांगते. नव्याने काही टाकायचंच नाही. अख्खी सिस्टीम, तुझा प्रोग्रॅम, नक्ष्या, सगळं जसंच्या तसं एसएसडीवर, म्हणजे नव्या, फास्ट डिस्कवर उतरवायचं. घर बदलताना भिंतींसकट उचलल्यासारखं."

"भिंतींसकट?"

"खिडक्यांसकट."

आईने माझ्याकडे बघितलं, डिस्कची कटकट ऐकली आणि म्हणाली, "बघ बाई. माझं सगळं पोट त्यात आहे."

सीपीयूचं झाकण काढलं तर आत एवढी धूळ, की भाजीचं बी टाकलं असतं तर उगवलं असतं. ती पुसली. नवी एसएसडी पत्त्यांच्या कॅटपेक्षाही चपटी. जुन्या डिस्कच्या शेजारी ती जोडली. कॉपी करायचा प्रोग्रॅम विचारतो, कुठून आणि कुठे? इथे उलटं सांगितलं तर कोरी डिस्क आईच्या भरलेल्या डिस्कवर उतरते आणि खेळ खलास. मी नाव बघितलं, आकार बघितला, बाबांनाही बघायला लावलं. त्यांना काही कळलं नाही, पण ते "अगदी बरोबर!" म्हणाले.

सकाळपर्यंत सगळं उतरलं होतं. राहिलं एकच काम, यापुढे नव्या डिस्कवरून सुरू हो, असं कॉम्प्युटरला सांगायचं. त्यासाठी सुरू होतानाच एक कळ दाबून सेटिंगचा निळा स्क्रीन उघडायचा. तिथे जाऊन मी नव्या डिस्कला पहिला नंबर दिला. बाहेर पडताना तो काहीतरी विचारत होता, बदल ठेवायचे की सोडायचे असं. खाली शाळेची बस हॉर्नवर हॉर्न देत होती. मी एक कळ दाबली आणि पळाले. जुनी डिस्क मुद्दामच आत राहू दिली. सुट्टीच्या दिवशी शांतपणे काढू म्हटलं.

दुपारी दारातूनच ओरडले, "आई! कसा सुरू झाला?"

"काय विचारतेस! डोळ्याचं पातं लवायच्या आत!"

"विमान झालंय, विमान," बाबा म्हणाले. ते तेव्हा घरी नव्हतेच, पण ते असो.

मग काय, मी हवेत. सकाळी आई बटण दाबते तेव्हा मी शाळेत असते आणि घरी येते तेव्हा कॉम्प्युटर चालूच असतो, त्यामुळे ते विमान मी स्वतः उडताना पाहिलं नव्हतं. पण वर्गात अर्ध्या जणांना सल्ले देऊन झाले. कॉम्प्युटरच्या सरांनाही एक दिला.

त्याच दिवसांत आईला मोठं काम मिळण्याची चिन्हं दिसायला लागली. पोहण्याच्या क्लबला सगळ्या जॅकेटांवर नवं चिन्ह हवं होतं, ऑक्टोपस. आईने मान मोडून तो काढला. जांभळा, गुबगुबीत, जरासा आगाऊ. मी म्हणाले, "आई, अगदी जिवंत वाटतोय!" क्लबच्या प्रशिक्षक बाई सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी येऊन तो मशीनवर उमटताना बघणार होत्या. पसंत पडला तर क्लबचं सगळं काम आईचं.

सुट्टी आली. सकाळी मी जुनी डिस्क काढून मामाला देऊन टाकली. आमच्या गल्लीच्या टोकाला त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला गाणी ठेवायला डिस्क हवीच होती.

"आधी पूर्ण कोरी कर, मग गाणी भर," मी त्याला बजावलं.

"जशी आज्ञा, इंजिनीअरबाई!"

जेवणं झाल्यावर आईने कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि सवयीप्रमाणे पाण्याची झारी उचलली. ती झाडांपर्यंत पोचायच्या आत स्क्रीन लख्ख उघडला.

आई झारी घेऊन जागच्या जागी उभी. "अगंबाई! हा आज लगेच कसा सुरू झाला?"

"आज म्हणजे? रोजच होतो ना लगेच? डोळ्याचं पातं वगैरे?"

आईने एका रोपाला पाणी घातलं. मग त्याच रोपाला परत घातलं.

"आई."

"अगं, तू एवढी खपली होतीस. म्हटलं, होईल हळूहळू फास्ट..."

मला तो निळा स्क्रीन आठवला. त्या दिवशी बसच्या घाईत मी चुकीची कळ दाबली होती. बदल राहिलेच नव्हते. आज जुनी डिस्क आत नाही म्हणून तो नव्या डिस्कवरून सुरू झाला. म्हणजे इतके दिवस कॉम्प्युटर जुन्याच डिस्कवर चालू होता आणि आईने जे जे नवं काढलं ते सगळं...

आईने नक्ष्यांचं फोल्डर उघडलं. प्रोग्रॅम होता, जुन्या नक्ष्या होत्या. ऑक्टोपस नव्हता.

मी मामाला फोन लावला. "मामा, ती डिस्क! कोरी केलीस का?"

"म्हणजे काय! केव्हाच! गाणीपण भरली. काय पळतेय गं, एकदम मस्त दिलीस!"

आम्ही दोघी चपला पायात अडकवून निघालो. वाटेत मी दोनदा सॉरी म्हणाले. आई म्हणाली, "आधी चाल."

दुकानात मामा कुणाचं तरी ओळखपत्र लॅमिनेट करत होता. गरम प्लॅस्टिकचा वास सुटलेला.

"मामा, डिस्क दाखव."

"अगं, सांगितलं ना, छान चाललीय."

"कुठे चाललीय?"

मामाने आईकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि मग काउंटरखालचा खण ओढला. आत कोऱ्या कागदांचे गठ्ठे, तुटका स्टेपलर आणि मी सकाळी दिलेली पिशवी. माझी गाठ तशीच्या तशी.

"हात नाही लावला अजून," मामा पुटपुटला. "पण तू एवढ्या हौसेने दिलीस, तुला बरं वाटावं म्हणून..."

"मामा, तू खोटारडा आहेस!" मी त्याला मिठी मारली. "देवासारखा खोटारडा आहेस!"

"ताई, हिला काय झालंय?"

"घरी ये, सांगते," आई म्हणाली आणि पिशवी घेऊन धावलीसुद्धा.

घरी जुनी डिस्क पुन्हा जोडली. निळ्या स्क्रीनवर नवीला पहिला नंबर दिला आणि या वेळी प्रश्न मोठ्याने वाचला: बदल ठेवायचे? ठेवायचे! ऑक्टोपस जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर आला. आईने तो उघडला. जांभळा, गुबगुबीत, आगाऊ. तिने डोळे पुसले आणि मशीनमध्ये दोरा ओवायला घेतला.

आणि मी तिथे उभी. खरं तर मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

"आई, एक सांगू? त्याला सातच पाय आहेत."

दोरा अर्धाच राहिला. आईने स्क्रीनवर बोट ठेवून मोजले. परत मोजले.

"आणि तू काय म्हणाली होतीस? अगदी जिवंत!"

"आहेच की जिवंत. एका पायाने अधू आहे, एवढंच."

आईने माझ्या डोक्यात टपली मारली, चांगली सणसणीत, आणि खुर्ची पुढे ओढली. आठवा पाय शेपटामागून हळूच बाहेर काढावा, असं तिचं म्हणणं. ऑक्टोपसला शेपूट नसतं, असं माझं. आम्ही भांडलो. आमच्या घरात नक्षीवरून भांडण पहिल्यांदाच झालं आणि पाय छान निघाला.

प्रशिक्षक बाई आल्या तेव्हा मशीन शेवटचे टाके घालत होतं. त्यांनी कापड हातात घेतलं. एकेका पायावरून बोट फिरवलं. आठही.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.

आम्ही वाट बघत राहिलो. पुढे काहीच नाही. बाबांचा चेहरा पडला. आईने धीर करून विचारलं, "म्हणजे... आवडला का तुम्हाला?"

"ठीक नसता तर सांगितलं असतं ना," बाईंनी कापडाची घडी घातली. "जॅकेटं उद्या पाठवते. सगळीच."

त्या गेल्यावर बाबा कितीतरी वेळ "ठीक आहे, ठीक आहे" असं वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघत होते. मी आईला विचारलं, "आता खरं सांग. कॉम्प्युटर कसा झालाय?"

आईने झारीकडे बघितलं.

"फास्ट झालाय. पण आता झाडांना पाणी कधी घालू? आणि तू झाकणाचा एक स्क्रू लावलेला नाहीस, ते थरथरतंय."

मी टेबलाखाली वाकले. मी बाबांच्या फळीवर ठेवलेला स्क्रू घरंगळत येऊन तिथेच पडला होता.

"बाबा," मी खालूनच म्हणाले, "तुमच्या फळीबद्दल जरा बोलायचंय."