चाळीसच्या वर

हव्वाबीच्या गुडघ्यांनी तिला पार जेरीला आणलं होतं. नमाजसुद्धा ती खुर्चीवर बसूनच पढायची. थोरला मुलगा अमजद दोह्याच्या एका हॉटेलात देखभालीचं काम बघायचा. तिथले म्हातारे पाहुणे गरम पाण्याच्या टबात बसून हसतखेळत बाहेर येताना त्याने पाहिले होते. हॉटेलने जुने टब मोडीत काढले तेव्हा त्यातला एक त्याने आईसाठी उचलला. कंटेनरमधून तो जासईला उतरला, तिथून टेम्पोने पनवेलला आला आणि घरामागच्या पडवीत बसला. मोहल्ल्यातल्या बायका मुद्दाम बघायला येऊन गेल्या.

टब बसवणाऱ्या माणसाने अमजदच्या बायकोला, अल्फियाला, सगळं नीट समजावलं होतं. पाणी चाळीस डिग्रीपर्यंतच तापेल, पुढे मशीन आपोआप बंद होईल. वयस्कर माणसासाठी त्याहूनही कमी ठेवा. पंधरा मिनिटांच्या वर बसू देऊ नका, आणि ब्लडप्रेशरची गोळी चालू असेल तर एकटं सोडू नका. अल्फियाने ते मनावर घेतलं. सासू पाण्यात उतरली की ती शेजारी स्टुलावर बसून मेथी निवडायची, गप्पा मारायची.

हव्वाबीला मात्र ते पाणी पसंत पडेना. जन्मभर तिने चुलीवरच्या हंड्यातलं वाफाळतं पाणी अंगावर घेतलेलं.

"हे कसलं गरम? तान्ह्या पोराला न्हाऊ घालायचं पाणी हाय हे," ती म्हणायची. अमजदचा फोन आला की त्यालाही हेच गाऱ्हाणं.

शेवटी अमजदने धाकट्या भावाला, अरबाजला, सांगितलं, "अम्मीला पाहिजे तसं करून दे. एवढ्या लांबून पाठवला तो काय कोमट पाण्यासाठी?"

अरबाज तळोज्याला कारखान्यात फिटर होता. सुट्टीच्या दिवशी त्याने टबाची बाजूची फळी खोलली, आत काहीतरी खटपट केली आणि फळी पुन्हा लावली.

"काय केलंस?" अल्फियाने विचारलं.

"सेन्सर जागेवरून काढला, भाभी. आता मशीनला वाटणार, पाणी थंड आहे. लावलेला आकडा चाळीसचाच दिसेल, पण पाणी तापत राहील."

"म्हणजे खरं किती तापलंय ते कळायचं कसं?"

"हात घालून बघायचं," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

अल्फियाने फोनवर नवऱ्याकडे पाण्याचा विषय काढला, पण सेन्सरचं नाव निघायच्या आधीच त्याने तिला तोडलं. "तुला सगळ्यातच भीती दिसते," अमजद म्हणाला. "ती खूश आहे ना?"

हव्वाबी खूश होती, हे खरंच होतं. तिला शांत झोप लागू लागली. एकदा तर काठी टेकत बहिणीच्या घरापर्यंत चालत गेली. आपणच उगाच घाबरलो, असं अल्फियालाही वाटायला लागलं.

एका दुपारी हव्वाबी नुकतीच पाण्यात उतरली होती, तेवढ्यात शाळेतून फोन आला. तिची मुलगी फिजा पडली होती, हनुवटीला लागलं होतं, ताबडतोब न्यायला या म्हणून.

"अम्मी, आधी तुम्ही बाहेर या. मी हात देते."

"आत्ताच तर बसली. जा तू, पोर रडत असेल. माझी मी निघते."

अल्फियाने दोनदा म्हणून पाहिलं, मग ओढणी घेऊन धावत सुटली. शाळेतून फिजाला दवाखान्यात न्यावं लागलं, टाके पडले. ती परतली तेव्हा घर शांत होतं. तिने हाक मारली. पडवीत हव्वाबीचा हात टबाच्या काठावर होता आणि चेहरा पाण्याखाली.

अल्फिया कपड्यांसकट आत उतरली. पाण्याचा चटका अंगभर बसला. तिने सासूचं डोकं वर धरलं आणि शेजाऱ्यांना हाका मारल्या. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, उष्णतेने प्रेशर उतरून भोवळ आली असावी, शुद्ध नसतानाच त्या खाली सरकल्या असतील. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दफन झालं. अमजद अजून विमानात होता. माणसं कबरस्तानातून परतली, आणि थोड्या वेळाने अल्फियाला पडवीत अरबाज दिसला. टबाची फळी पुन्हा खोललेली होती.

"भाईला काही सांगू नको, भाभी," तो मान वर न करता म्हणाला. "सांगून अम्मी परत येणार आहे का?"

अमजद आला. आईच्या खोलीत बसून खूप रडला. मग पडवीत जाऊन त्याने टब चालू करून ठेवला आणि सकाळी पाण्यात हात घालून पाहिला. हव्वाबीची बहीण, त्याची खाला, आणि दोन बायका तिथेच बसल्या होत्या. अरबाज दाराशी उभा होता.

"पाणी तर बरोबर आहे," अमजद म्हणाला. "तू कुठे होतीस?"

"फिजाला आणायला."

"अम्मीला एकटं सोडायचं नाही, हे तुला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं." अल्फियाने दिराकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. "पण त्या दिवशी पाणी असं नव्हतं. सेन्सर काढलेला होता. दफन करून आल्यावर याने तो परत बसवला. मी पाहिलंय."

अमजद भावाकडे वळला.

"तूच म्हणालास, भाई," अरबाज हळूच म्हणाला. "अम्मीला पाहिजे तसं करून दे."

खालाने तसबीहची माळ हातात घेतली. "मय्यतीच्या घरात कसले हे विषय? अल्लाहने बोलावलं, ती गेली."

मोहल्ल्यात मात्र एवढंच पसरलं की सून म्हातारीला पाण्यात सोडून बाहेर गेली. अल्फियाने एकदा नवऱ्याला विचारलं, "खालाला तरी खरं सांगाल का?"

"कोणत्या तोंडाने सांगू?" तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. तिला त्याची कीव आली. तो कधीच सांगणार नाही, हेही तिला कळलं. स्वतःला तरी ती कुठे माफ करू शकत होती? हाताला धरून ओढून काढलं असतं, तर अम्मी रागावल्या असत्या, एवढंच.

सुट्टी संपायच्या आधीच अमजद दोह्याला गेला. अरबाजने तळोज्याला खोली घेतली. घरात दोघीच उरल्या.

एकदा जेवताना फिजाने विचारलं, "मी पडले म्हणून दादी मेली का?"

"कोण म्हणालं?"

"शेजारची नानी. तू मला आणायला आलीस म्हणून."

अल्फियाने तिला मांडीवर घेतलं. "नाही, बेटा. पाणी फार गरम होतं."

फिजाने मान डोलावली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्यानंतर ती अंघोळीला ऊन पाणी घेऊ देईना. अल्फिया बादलीत तांब्याभर जरी मिसळायला गेली, तरी ती न्हाणीच्या कोपऱ्यात अंग चोरून उभी राहायची.