चुडा भरण्याआधी

चार वाजता कासार बांगड्या घेऊन येणार होता आणि तीन वीस झाले होते. त्याआधी मला उषामावशीला विचारायचं होतं, मोनिका तुझ्या पोटची आहे का? पुण्याहून निघताना प्रश्न सोपा वाटला होता. परतूर स्टेशनवर उतरले तेव्हा तो तसा राहिला नव्हता.

माझी अर्धी नोकरी एका भोकावर गेली. इतकं बारीक, की त्यातून डीएनएचा एकच धागा जातो आणि जाताना विजेचा प्रवाह कमीजास्त होतो, त्यावरून तो वाचता येतो. मावशी गावभर सांगायची, "आमची नंदू भोकं पाडायला विलायतेत गेली." पुढं आई स्तनाच्या कॅन्सरनं गेली आणि मी तेच तंत्र कॅन्सरच्या जनुकांकडे वळवलं. मावशीलाही कॅन्सर झाला, पण वेळेत ऑपरेशन झालं. तिच्या एका जनुकात घराण्यात चालत आलेला दोष सापडला. माझ्याही. मी तो लपवला नाही, म्हणून माझी ठरलेली सोयरीक मोडली.

राहिली मावशीची लेक मोनिका. लग्न आठ दिवसांवर. गेल्या महिन्यात नर्स घरी जाऊन तिचं रक्त घेऊन आली. ते जनुक स्वच्छ दिसलं आणि मी उतावळ्या नवऱ्यासारखी गुडघ्याला बाशिंग बांधून लगेच मावशीला फोन केला. बाकीचं नंतर वाचलं. लेकीचं निम्मं आईशी जुळायलाच हवं. हे जुळत नव्हतं. तीनदा वाचलं, तरी नाही. मोनिका दत्तक असेल तर प्रश्नच मिटला. नसेल, तर रक्ताची ती नळी तिची नव्हती, आणि मी एका पोरीला 'तू सुरक्षित आहेस' असं सांगून बसले होते.

मावशी रुखवताचे लाडू डब्यात भरत होती. मोनिका आणि सून शिवकन्या ओसरीवर होत्या. मी आतून दार लावलं.

"दार काहून लावलं गं?"

"मावशी, रागावू नकोस. मोनिका दत्तक आहे का?"

तिनं डब्याचं झाकण लावलं, परत काढलं. "काय बोलून राह्यली तू? दीड दिवस कळा सोसल्यात म्या! माझीच हाय पोर."

"रक्त तसं म्हणत नाही."

"मंग ते रक्तच..."

ती थांबली. मला तिची दया आली, पण मी दार उघडलं नाही.

"शिवकन्येचं व्हतं ते," ती हळू म्हणाली. "मोनिका बदनापूरला परीक्षेला गेल्ती. नर्सला काय ठाऊक, लेक कोण अन् सून कोण. मोनिकाला सांगितलं, माझ्या रक्तावरूनच तुझंबी कळलं, बिलकुल साफ हाय."

मला संताप आला. "आणि फोनवर आनंदानं रडलीस ते?"

"ते खरं व्हतं. तू साफ म्हणल्यावर मलाबी खरंच वाटलं बघ." तिनं डोळे पुसले. "तुझी सोयरीक मोडली, ते म्या बघितलं न्हाई का?"

"माझ्या आईची सोयरीक मोडली नव्हती, मावशी. ती कुठंय?"

तिनं लाडवांचा डबा बाजूला सरकवला. मग पुन्हा म्हणाली, "पोर माझीच हाय."

"तुझीच आहे. म्हणून तर मला भीती वाटते. तुझं निम्मं तिच्यात आहे. कोणतं निम्मं, एवढंच बघायचंय."

मावशी उठली, दार उघडलं आणि दोघींना आत बोलावलं. सगळं तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. शिवकन्या खाली मान घालून उभी राहिली. मोनिका रागानं माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. आईकडे बघेचना.

"दोष निघाला तर तिकडच्या लोकांना कोण सांगंल?" तिनं मला विचारलं.

"म्या सांगंन," मावशी म्हणाली. "लग्नाच्या आंदी."

मोनिकानं बाही वर सारली. या वेळी नळी मी स्वतः आणली होती. नाव तिच्यासमोरच लिहिलं आणि सुई टोचली.

बाहेरून कासाराची हाक आली. मावशी उंबऱ्यात जाऊन उभी राहिली.

"बसा भाऊ जरा," ती म्हणाली. "पोरीचा हात अजून मोकळा न्हाई."