तळ्याच्या बाजूचा पत्रा

दम लागतो हे मी या घरात इतक्यांदा सांगितलं की शेवटी सांगायलाही दम उरला नाही.

माझी खोली मागची. तिच्या भिंतीला लागून दिराची शेड. तिथे तो कपाटं, टेबलं, पलंग बनवतो, घासतो, पॉलिश करतो. घासायचं मशीन सुरू झालं की लाकडाची भुकटी उडते, पिठासारखी बारीक. माझ्या उशीवर ती, पाण्याच्या पेल्यात ती, सकाळी थुंकले तर त्यात ती. पुढची खोली मात्र लख्ख. तिथे तयार फर्निचर मांडलंय, गिऱ्हाइकांना दाखवायला. कुणी बसत नाही अशा खुर्च्या, कुणी झोपत नाही असा पलंग. मी मागितलं ते एवढंच, ती खोली मला द्या.

"शोरूममध्ये झोपणार?" दीर म्हणाला. "मग गिऱ्हाइकाला काय सांगू, पलंगाबरोबर बाई फुकट?"

नवरा हसला. थोरल्या भावाच्या विनोदाला हसणं हे या घरातलं त्याचं काम आहे आणि तेवढं तो मन लावून करतो.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, धुळीतून बाहेर पडा. नवऱ्यानं घरी येऊन सांगितलं, "डॉक्टर म्हणाल्या, हवा शुद्ध पाहिजे." झालं. शेड तिथेच, मी तिथेच, आणि मध्ये हवा शुद्ध करायचं एक मशीन आणायचं ठरलं.

दुकानात दोघं भाऊ पुढे, मी मागे.

"खोली केवढी आहे?" दुकानदारानं विचारलं.

"मध्यम," दीर म्हणाला. कपाटाच्या फळीत केसाएवढा फरक पडला तर कामगाराची आईबहीण काढणारा माणूस. माझी खोली मात्र मध्यम.

"त्रास कशाचा? धूळ, धूर, वास?"

"तिला सगळ्याचाच त्रास आहे," नवरा म्हणाला. दोघं खिदळले.

दुकानदार हसला नाही. "धूळ असेल तर जाड फिल्टरचं घ्या, आणि खोलीच्या मापापेक्षा मोठंच घ्या. वासाला आत कोळशाचा थर लागतो. पण साहेब, आधी धूळ येते कुठून ते बंद करा. मशीन तरी किती ओढणार?"

"ते आमचं आम्ही बघू."

मोठं मशीन सुरू करून दाखवलं तर ते घरघरत होतं. नवऱ्याची झोप सावध. म्हणून छोटं घेतलं. पांढरं घेतलं, कारण दिरानं बनवलेलं कपाट पांढरं आहे. धाप मला लागते, पण मशीन निवडलं ते नवऱ्याच्या कानाला आणि दिराच्या डोळ्याला विचारून.

घरी येऊन दिरानं ते खोक्यातून काढलं, पिन लावली, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. सासरेही बघायला आले होते. घरात मूल जन्मल्यासारखे तिघं त्या दिव्याकडे बघत उभे राहिले.

"हिरवा म्हणजे हवा स्वच्छ," दिरानं जाहीर केलं. माहितीचं पुस्तक खोक्यात गेलं आणि खोकं माळ्यावर.

त्या दिवसापासून माझ्यावर खटलाच सुरू झाला. मी खोकले की नवरा माझ्याकडे बघायचा नाही, दिव्याकडे बघायचा. "हिरवा आहे की." आल्यागेल्याला सांगायचा, मशीन आल्यापासून हिचा खोकला बराच कमी झालाय. कमी कसला, मी उशीत तोंड खुपसून खोकायला शिकले होते.

सासऱ्यांचं वेगळंच जग. शेडच्या पलीकडे त्यांनी हौसेनं तळं खणून घेतलंय. लाल, पांढरे, ठिपक्यांचे मासे. नळाचं पाणी थेट सोडायचं नाही, पिंपात राहू द्यायचं, मगच तळ्यात. पटकन खाऊन संपेल तेवढंच खाणं टाकायचं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, तळ्याच्याच पाण्यात खळबळायचा, नाहीतर त्यातले उपयोगी जंतू मरतात. मला हे सगळं पाठ आहे. स्पंज खळबळायला तेच मला बोलवायचे.

एका सकाळी ते ओरडले. सगळे धावलो. मासे पाण्यावर येऊन तोंडं उघडत होते, मिटत होते.

"गुदमरतायत रे! बघा, हवा गिळतायत बिचारी पोरं!"

त्यांनी पाण्यात बोट बुडवलं. दुधावर साय धरावी तसा पिवळट थर बोटाला चिकटला. त्यांनी वास घेतला. "लाकूड. पॉलिश." त्यांना डॉक्टर लागला नाही, मशीन लागलं नाही, कुठला दिवा लागला नाही. दिराकडे वळून एवढंच म्हणाले, "तुझी शेड माझी पोरं मारतेय."

आणि दीर, जो माझ्याशी कधी सरळ बोलला नाही, खाली मान घालून म्हणाला, "आजच बघतो, बाबा."

बुडबुड्यांचा पंप आला. पाणी थोडं थोडं बदललं. अगदी मलूल मासे टबात काढून पुढच्या व्हरांड्यात सावलीला नेले. टब धरायला मी होते.

"आजारी जिवाला आधी चांगल्या जागी हलवायचं," सासरे बाहीनं डोळे पुसत म्हणाले. "औषध नंतर."

मी म्हणाले, "बाबा, मीपण रोज सकाळी अशीच तोंड उघडून उठते."

"हो ना गं," ते म्हणाले. "टब नीट धर. हिंदकळतोय."

संध्याकाळपर्यंत शेडला तळ्याच्या बाजूनं पत्रा ठोकून झाला. पण भुकटी बाहेर पडायला वाट तर हवी. ती दुसऱ्या बाजूनं कापली. तिथे माझी खिडकी आहे.

"अहो भाऊजी, ती माझी खिडकी आहे!"

"तुझ्याकडे मशीन आहे ना? माशांना काय मशीन लावू?"

नवरा हसला.

मासे तरतरीत झाले, तरी टबातले व्हरांड्यातच राहिले. एका दुपारी मी मात्र भिंत धरून खाली बसले आणि कुणाला हाक मारायची तर अख्खा शब्द तोंडातून निघेना. शेजारीण दवाखान्यात घेऊन गेली. परत आले तेव्हा खोलीत दिवा हिरवाच होता. तो दिवा बघून माझं डोकं फिरलं. मी माळ्यावरून पुस्तक काढलं, वाचलं आणि मशीनचं मागचं झाकण उघडलं.

आत फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत. कारखान्यातून आला तसाच, तोंड बंद. पिशवीवर भुकटीचा थर, आतला फिल्टर पांढराशुभ्र.

तिघं जेवत होते. मी तो पिशवीसकट त्यांच्या ताटांमध्ये ठेवला.

दिरानं उलटापालटा करून बघितला. "पिशवी काढायची असते होय?"

"पण मग दिवा हिरवा कसा?" नवरा म्हणाला.

"फिल्टर बदलायची वेळ झाली की तो लाल होतो. हवेशी त्याचं देणंघेणंच नाही. तुमच्याच पुस्तकात लिहिलंय."

मला वाटलं, आता. आता कुणीतरी माझ्या तोंडाकडे बघेल.

दिरानं घास गिळला. "म्हणजे बघ. मशीन एक दिवसही चाललं नाही, तरी तू आहेसच की चालतीबोलती. म्हणजे हवेत मुळात काही नव्हतंच."

सासऱ्यांच्या कपाळावरची आठी गेली. "खरंय," ते म्हणाले आणि वाटी पुढे ओढली. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि हसला. बारीकसं, पण हसला.

मी रडले नाही. पुढच्या खोलीत गेले आणि पहिली खुर्ची ओढली. व्हरांड्यात नेऊन आदळली. थांबले, श्वास घेतला. दुसरी.

"पॉलिश जाईल!" दीर ताटावरून ओरडला. उठला मात्र नाही.

"अगं, उद्या गिऱ्हाईक यायचंय," नवरा दारात येऊन म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

पलंग मी ठेवला. त्यावर माझी चादर टाकली, माझी उशी टाकली. मग मोठं टेबल धरलं. ते जड होतं, फरशीवर करकरत होतं, मला दर हातभर अंतरावर थांबावं लागत होतं. उंबऱ्याबाहेर ते निघालं तेव्हा सासरे उष्ट्या हातानं धावत आले. मला वाटलं, धरू लागतील.

"अगं, हळू! धूळ उडतेय! टबात मासे आहेत माझे!"

मी टेबल उचललं नाही. तसंच फरफटत नेलं.